मंडळद्रोहाचं कलम

हे मी लिहावं की नाही, यावर बरेच दिवस गेले. मला लेखक म्हणून कोणी ओळखत नाही, आणि ज्या प्रकरणाबद्दल लिहितोय त्यातला मुख्य माणूसही मी नव्हतो. आमच्या घरात कागदावर उतरायची ती फक्त मापं: छाती, खांदा, बाही. वडिलांचं तालुक्याच्या कोर्टासमोर शिलाईचं दुकान आहे, वकिलांचे काळे कोट शिवतात. कॉलेजची पायरी चढणारा घरातला मी पहिला. त्यामुळे चार पानं लिहायला बसलो की मागून कोणीतरी येऊन "तू कोण?" असं विचारेल, अशी धाकधूक अजून असते. चुकलं-माकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. पण त्या वर्षी मी जे पाहिलं ते पाहणारे थोडे होते आणि बाकीच्यांपैकी कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून लिहितोय.

दोन हजार पाच साली कायद्याची पदवी घेऊन मी शिष्यवृत्तीवर नेदरलँड्सला गेलो. कायद्याच्या इतिहासाचा एका वर्षाचा अभ्यासक्रम होता. राहायची सोय वडिलांच्या एका वकील गिऱ्हाइकाने करून दिली. त्यांचे मेहुणे हेगला लागून असलेल्या लायडस्खेनडाम-फोरबर्गमध्ये वीसेक वर्षं राहत होते. त्यांच्या घराच्या माळ्यावरची उतरत्या छपराची खोली मला मिळाली. पहिला महिनाभर रोज सकाळी उठताना तुळईवर डोकं आपटायचं. खालून काकू ओरडायच्या, "आज उठला वाटतं!" त्यांना मी काकू म्हणायचो आणि घरमालकांना काका. काका एका बांधकाम सल्लागार कंपनीत इंजिनियर होते. मला ते "वकीलसाहेब" म्हणायचे. सुरुवातीला त्यात चेष्टा होती, पुढे सवय झाली.

माझ्या प्रबंधाचा विषय मार्गदर्शक बाईंनी सुचवला. मला खरं तर जमीन कायद्यावर लिहायचं होतं. त्या म्हणाल्या, जमीन तू घरी जाऊनही वाचशील, इथे आहेस तर इथलं काहीतरी घे. अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच सैन्याच्या पाठबळावर या देशात क्रांती झाली. इथला सत्ताधीश राजपुत्र इंग्लंडला निघून गेला आणि बटाव्हियन प्रजासत्ताक आलं. त्या प्रजासत्ताकाने देशद्रोह म्हणजे काय हे कायद्यात कसं ठरवलं, ते मी शोधायचं होतं.

विषय ऐकायला सोपा होता. पण हेगच्या पुराभिलेखागारात बसून, जुनी डच छपाई शब्दकोश लावून वाचू लागल्यावर कळलं की नव्या सरकारलाच ते नीट ठरवता येत नव्हतं. जुन्या कायद्यात गुन्हा होता तो सार्वभौमाच्या प्रतिष्ठेला इजा करण्याचा. आता सार्वभौम कोण? जनता. मग कालपर्यंत जुन्या मालकांची इमानाने चाकरी करणारे लोक जनतेचे द्रोही ठरतात का? जुन्या राजवटीतला सर्वांत मोठा मुलकी अधिकारी त्यांनी पकडला होता. त्याच्यावर खटला चालवावा की नाही यावर कायदेपंडितांचा वाद झाला. त्याने जे केलं ते तेव्हाच्या शपथेनुसार, तेव्हाच्या मालकांसाठी केलं होतं. तेव्हा नसलेल्या सरकारशी तो दगा कसा करणार? काही वर्षं त्याला कैदेत ठेवलं आणि शेवटी शिक्षा न होताच सोडून दिलं.

हे मी एकदा जेवताना सांगितलं. काका आमटी ओरपत म्हणाले, "म्हणजे काल साहेबाला नमस्कार केला, तो आज गुन्हा?"

"तोच प्रश्न आहे, काका."

"प्रश्न कसला त्यात? काल काल होता."

"एवढं सोपं असतं तर याला शिष्यवृत्ती कोणी दिली असती?" काकू म्हणाल्या.

आता मंडळाबद्दल सांगतो. काका आले तेव्हा हेगच्या आसपास मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. गणपती काकांच्या दिवाणखान्यात बसायचा. पुढे माणसं वाढली तसा एका क्रीडासंकुलाचा हॉल घेऊ लागले. मंडळाला नोंदणी नव्हती, घटना नव्हती, अध्यक्ष काका. निवडणूक दरवर्षी व्हायची, म्हणजे कोणीतरी म्हणायचं "काकाच," आणि बाकीचे टाळ्या वाजवायचे. मूर्ती भारतातून कोणाच्या सामानात यायची, मोठी पातेली कोणाच्या गॅरेजमध्ये आहेत, हॉलची किल्ली कोणाकडून घ्यायची, हे सगळं काकांच्या डोक्यात असायचं. सुट्टीच्या दिवशी त्यांचा अर्धा वेळ फोनवर जायचा. काकू म्हणायच्या, "ह्यांचं इथलं गाव म्हणजे मंडळ. दुसरं काही नाही ह्यांना."

मी गेलो त्या सुमाराला कामाच्या नव्या परवान्यांवर पुण्या-मुंबईचे आयटीतले लोक भराभर येत होते. तिशीतली माणसं, लहान मुलं. त्यांना गणपतीला नाटक हवं होतं, वेबसाइट हवी होती, बँकेत मंडळाच्या नावाने खातं हवं होतं. त्यांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. काका मात्र प्रत्येक गोष्टीला "बघू" म्हणायचे, आणि त्यांचं "बघू" म्हणजे नाही, हे कळायला नव्या लोकांना वेळ लागला नाही.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात श्रीखंड-पुरी झाल्यावर एका तरुणाने उभं राहून मतदानाची मागणी केली. तो विमानतळावरच्या संगणकांचं काम बघायचा आणि जवळच बाडहूव्हडॉर्पला राहायचा. हात वर झाले. काकांच्या बाजूने जुनी घरं आणि मी. तो तरुण अध्यक्ष झाला. मुंबईहून आलेल्या, प्रोजेक्ट मॅनेजर असलेल्या एक ताई सचिव झाल्या.

मग आपल्याकडे होतं तेच झालं. पिशवीतून शाल निघाली, नारळ निघाला. ते घेऊन आले होते, म्हणजे निकाल त्यांना आधीच ठाऊक होता. नव्या अध्यक्षाने काकांच्या खांद्यावर शाल घातली आणि माइकवर सांगितलं, की काकांनी आजवर घेतलेल्या प्रत्येक निर्णयाबद्दल मंडळ त्यांचं ऋणी आहे, आणि हा आभाराचा ठराव सभा एकमताने संमत करत आहे. टाळ्या जोरात वाजल्या. काकूंनीही वाजवल्या, काय करणार.

घरी येताना आम्ही चौघं ट्राममध्ये होतो. काकांची मुलगी इथेच वाढलेली, कॉलेजात होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतून यायचं. ती म्हणाली, "बाबा, यू वर ओव्हरथ्रोन विथ अ कोकोनट."

काका हसले. नारळ मांडीवर होता. "त्याची चटणी करू," म्हणाले.

खरी भानगड जूनमध्ये कळली. नव्या अध्यक्षाने गणपतीच्या हॉलसाठी क्रीडासंकुलाला फोन केला तेव्हा समजलं की मंडळाचं आरक्षण रद्द झालंय, फेब्रुवारीतच, काकांच्या फोनवरून. हॉल आता कुठल्यातरी जिम्नॅस्टिक्स क्लबला गेला होता.

काकांनी ते लपवलं नाही. अध्यक्षाचा फोन आला तेव्हा मी समोरच होतो.

"हो, मीच रद्द केला," काका म्हणाले. "हेगच्या मंदिरात बोलणं झालं होतं माझं. या वर्षी गणपती तिकडे बसवायचा असं ठरवलं होतं."

हे मंदिर सुरिनामहून आलेल्या हिंदूंचं. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा बिहारकडून मजुरीला सुरिनामला गेले आणि पुढच्या पिढ्या इथे आल्या. काकांना त्यांचं फार कौतुक. त्या हॉलमध्ये रबराचा वास येतो, ठरलेल्या वेळेला दिवे घालवतात, आणि इकडे ही माणसं दार उघडून बसली आहेत, असं ते म्हणायचे.

फोनवर अध्यक्षाचा आवाज मलाही ऐकू येत होता. "काका, तिथे सगळं हिंदीतून चालतं. आपल्या मुलांना मराठी आरती कधी यायची? आणि ठरवलं होतं म्हणजे कोणी ठरवलं होतं?"

"मी. अध्यक्ष होतो तेव्हा."

"आणि पाडव्यानंतर तीन महिने एक शब्द नाही बोललात?"

यावर काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुम्ही विचारलं नाहीत," म्हणाले.

दोन दिवसांनी सचिव ताईंचा मला फोन आला. मंडळाची नोंदणी करायची होती. त्यासाठी नोटरीकडे घटना द्यावी लागते, आणि घटनेचा मसुदा तयार करताना एका कलमावर त्यांचं अडलं होतं. "तुझा तर विषयच आहे ना हा?" त्या म्हणाल्या. नाही म्हणायला हवं होतं का, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. मला बरं वाटलं, हेही खरं. तोवर माझ्या विषयात मार्गदर्शक बाईंशिवाय कोणी रस दाखवला नव्हता.

बाडहूव्हडॉर्पला अध्यक्षाच्या घरी बैठक झाली. विमान डोक्यावरून गेलं की सगळे वाक्याच्या मध्ये थांबायचे आणि ते गेलं की तिथूनच पुढे बोलायचे. ताईंनी मसुदा वाचून दाखवला. जो सभासद कृतीने, बोलण्याने, संबंधांनी किंवा मौनाने मंडळाच्या हिताला बाधा आणेल तो मंडळद्रोही समजला जाईल आणि त्याचं सभासदत्व रद्द होईल. हे कलम मंडळाच्या स्थापनेपासून लागू राहील. शिवाय मतदानाचा हक्क हवा असेल त्या प्रत्येक सभासदाने एकाधिकारशाहीचा आपण निषेध करतो, असं आधी जाहीर करावं.

मी ऐकत राहिलो. ताईंनी इतिहास वाचला नव्हता, तरी तो त्यांनी जवळजवळ जसाच्या तसा लिहिला होता. फ्रान्समध्ये क्रांतीच्या ऐन तापलेल्या दिवसांत संशयितांचा कायदा आला, त्यात वागणूक, संबंध, बोलणं, लिहिणं यांवरून माणूस पकडता येत होता. बटाव्हियन प्रजासत्ताकात पहिल्या राज्यघटनेवर मत देण्याआधी मतदाराला जुन्या राजवटीबद्दल कधीही न बदलणारा तिटकारा जाहीर करावा लागत होता. हे मी चाचरत सांगितलं.

"अरे बाबा, आम्ही कोणाचं डोकं नाही उडवत आहोत," अध्यक्ष म्हणाला.

समितीचा खजिनदार हसला. "नुसतं ग्रुप मेलमधून उडवणार."

"पण 'स्थापनेपासून' कशाला?" मी विचारलं.

कोणी बोललं नाही. विमानही जात नव्हतं. मग ताई सरळ म्हणाल्या, "कारण काकांनी जे केलं ते फेब्रुवारीत केलं. आजपासून लागू केलं तर ते सुटतात. लुक, मला पर्सनली काही नाही त्यांच्याबद्दल. पण साठ घरांचा गणपती एका माणसाने रस्त्यावर आणला, आणि तो काहीच झालं नाही असा पुढच्या रांगेत बसणार? गणपतीनंतरच्या सभेत त्यांना काढायचा ठराव आम्ही आणतोय. तू कलम फक्त नीट लिहून दे."

मी आठवडाभराची मुदत मागितली.

घरी येऊन काकांना सांगून टाकलं. त्यांच्या घरात राहून त्यांच्यावरचं कलम माळ्यावर बसून लिहायचं, हे मला जमणारं नव्हतं. ते वर्तमानपत्र वाचत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लिही की. चांगलं लिही. शुद्धलेखन बघ, त्या ताई ऱ्हस्व-दीर्घ काही बघत नाहीत." मग उठून बाहेर गेले.

काकू भाजी निवडत होत्या. "काढतील का रे खरंच?"

"माहीत नाही, काकू."

"गावी सगळ्यांना ठाऊक आहे, ह्यांनी मंडळ काढलं म्हणून. दर फोनला तेच विचारतात, मंडळ कसं चाललंय. आता काय सांगायचं? आम्हालाच काढलं?"

मार्गदर्शक बाईंना मी हे सगळं सांगितलं. आधी त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतले प्राध्यापक डोकावून गेले. मग गंभीर झाल्या. त्यांनी दाखवून दिलं की इथल्या दिवाणी कायद्यात संस्थांबद्दल तरतूद आधीच आहे. सभासदाने नियम किंवा ठराव मोडला असेल, किंवा संस्थेचं गैरवाजवी नुकसान केलं असेल, तरच त्याला काढता येतं. मग त्यांनी विचारलं, "त्याने हे केलं त्या दिवशी तो कोण होता? आणि नंतर तो काय करू शकला असता?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. दुसऱ्याचं नव्हतं.

काकांनी गावाबाहेर बागेची एक पट्टी भाड्याने घेतली होती. इथे बरेच लोक घेतात. शेजारच्या पट्ट्यांत डच आजी-आजोबा ट्यूलिप आणि बटाटे लावायचे, काकांच्या पट्टीत मेथी, कोथिंबीर आणि दरवर्षी न येणारी गवार. त्या शनिवारी सायकलवरून मी तिकडे गेलो. काका मेथी खुडत होते. मीही बाजूला बसून खुडायला लागलो.

"काका, एक विचारू? हॉल रद्द केला तेव्हा तुम्ही अध्यक्ष होतात, ते मला मान्य आहे. पण नंतर तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"आणि त्यांना माहीत नव्हतं."

"वकीलसाहेब, उलटतपासणी घेताय?"

"नाही, काका. मला लिहायचंय म्हणून."

त्यांनी जुडी बांधली, माती झटकली.

"शाल घालून घरी बसवलं मला," ते म्हणाले. "त्यानंतर एकाने फोन केला? पातेली कुठे आहेत, मूर्ती कोण आणतं, गुरुजी नसतात तर पूजा कोण सांगतं, एकाने विचारलं? मला वाटलं विचारतील. आज ना उद्या यायला लागेलच. येतील, चहा होईल, तेव्हा हॉलचंही सांगेन. मंदिरातल्या लोकांशी गाठ घालून देईन." त्यांनी दुसरी जुडी घेतली. "एप्रिल गेला, मे गेला. मग सांगायला लाज वाटायला लागली. आता एवढ्या उशिरा काय सांगायचं म्हणून."

"तुम्ही स्वतः फोन केला असता तर?"

"तेच म्हणतोय मी. नाही केला."

त्यानंतर आम्ही गवारीबद्दल बोललो.

मसुदा मला चार वेळा लिहावा लागला. माझा आदर्श अमेरिकेच्या प्रजासत्ताकाचा होता. तेही क्रांतीतूनच आलं, पण त्यांनी देशद्रोहाची व्याख्या मुद्दाम आखूड ठेवली: उघड कृत्य हवं आणि त्याच कृत्याचे दोन साक्षीदार हवेत. ज्यांच्यावर स्वतःवर एके काळी राजद्रोहाचा आळ होता त्यांनीच ती लिहिली, म्हणून आखूड राहिली असावी, असा माझा अंदाज. मी लिहिलं: सभासदत्व फक्त प्रत्यक्ष कृतीसाठी रद्द होईल, बोलणं, संबंध किंवा मौन यांसाठी नाही. कृती कलम संमत झाल्यानंतरची हवी. ती दोन सभासदांनी पाहिलेली हवी. ज्याला काढायचं त्याला सभेपुढे बोलू दिलं पाहिजे. मंडळद्रोह हा शब्द मी गाळला. निषेध जाहीर करण्याची अटही गाळली.

पुढच्या बैठकीत वाचून झाल्यावर ताई म्हणाल्या, "म्हणजे हॉल रद्द करणं चालतं?"

"त्या दिवशी ते अध्यक्ष होते, ताई. अधिकार त्यांचाच होता. आणि पाडव्याला आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवून त्यांच्या प्रत्येक निर्णयाबद्दल आभार मानले. तो ठराव एकमताने संमत झालाय."

अध्यक्ष खुर्चीत पुढे सरकला. "अरे, ते तसं म्हणायचं असतं! निरोप देताना माणसाला काय सांगणार, तुमचे निम्मे निर्णय चुकले?"

"पण म्हटलंय ना आपण," मी म्हणालो. "ज्या निर्णयाबद्दल सभेने आभार मानले, त्यासाठीच सभेने माणसाला काढायचं?"

"तरी मी सांगत होतो, नारळ नको," खजिनदार म्हणाला. "नुसता बुके द्या म्हटलं होतं."

"तू गप रे," ताई म्हणाल्या.

अध्यक्ष हसला नाही. तो मुळात सरळ माणूस होता. त्या महिन्यात त्याने किती शाळांचे हॉल पालथे घातले होते ते मला माहीत होतं. "ठीक आहे, हॉलचं सोड," तो म्हणाला. "तीन महिने गप्प राहिले, त्याचं काय? तेव्हा अध्यक्ष मी होतो, ते नव्हते. तेव्हा त्यांचा अधिकार कुठला?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. काकांनी बागेत सांगितलेलं मी तिथे सांगावं का, हे मात्र ठरत नव्हतं. ते त्यांनी मला सांगितलं होतं, समितीला नाही. मी एवढंच म्हणालो, "त्यात ते चुकले असं मलाही वाटतं. पण चूक वेगळी आणि द्रोह वेगळा, दादा."

"तू त्यांच्या घरी राहतोस."

"हो."

"मग तुला विचारायलाच नको होतं आम्ही."

त्याचं बरोबर होतं असंच मला वाटलं, आणि अजूनही वाटतं. शेवटी असं ठरलं की ताईंचा मसुदा आणि माझा, दोन्ही गणपतीनंतरच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचे आणि काकांना काढायचा ठरावही त्याच सभेत यायचा. निघताना अध्यक्ष मला दारापर्यंत सोडायला आला. मी म्हणालो, "दादा, एकदा घरी चहाला या ना. काकांना बरं वाटेल." त्याने मान हलवली. ती हो अशी होती की नाही अशी, ते मला कळलं नाही. मी असेपर्यंत तो आला नाही.

काकांनाही मी सुचवून पाहिलं, की तुम्हीच एकदा फोन करा. ते म्हणाले, "बघू."

ऑगस्टमध्ये प्रबंध दिला. मार्गदर्शक बाईंनी निष्कर्षाच्या पानावर लिहिलं होतं की तुझी वाक्यं फार सावध आहेत, पण इथे ते चालेल. माझ्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती आणि तिकीट गणपतीच्या आदल्या आठवड्यातलं होतं. काकूंनी मेथीचे ठेपले बांधून दिले. विमानतळावर काका म्हणाले, "वकीलसाहेब, सभेला असतात तर बरं झालं असतं. एक मत होतं तुमचं." मी पाया पडलो. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

इकडे आल्यावर तालुक्याला एका वकिलांकडे ज्युनियर म्हणून लागलो. वडिलांनी माझा कोट स्वतः शिवला आणि बाही एक बोट लांब ठेवली, अजून वाढशील म्हणाले. मी पंचविशीत होतो. गणपती गेले, नवरात्र आलं. काकांना मी दोन ईमेल पाठवल्या. ते ईमेल फारसे बघायचे नाहीत, हे मला माहीत होतं. त्यांच्या मुलीचं एका ओळीचं उत्तर आलं: मीटिंग पुढे ढकलली. मग काहीच नाही. अध्यक्षाला विचारता आलं असतं, पण ज्याने मला विचारायलाच नको होतं त्याला मी काय विचारणार? कोर्टात बसून इतरांच्या तारखा ऐकताना मधूनच वाटायचं की तिकडे काका मंडळात नसतीलही, आणि आपल्याला पत्ताच नाही.

दिवाळीच्या जरा आधी दुकानातल्या फोनवर काकूंचा फोन आला. त्या फोन कार्डावरून बोलत होत्या, त्यामुळे आवाज उशिरा पोचायचा आणि आमची वाक्यं एकमेकांवर आदळायची. आधी फराळाचं झालं, मग थंडीचं. गणपती दोन झाले, म्हणाल्या. मंडळाचा एका शाळेत आणि मंदिराचा मंदिरात. काका दोन्हीकडे गेले होते. शाळेत मागच्या रांगेत बसले.

"काकू, सभेचं काय झालं?"

"अरे, तेच सांगतेय. काढलं नाही ह्यांना." मी काही बोलायच्या आत त्या पुढे गेल्या. "त्या ताईंनी ठराव वाचला. मग विचारलं, अनुमोदन कोणाचं? कोणी उठेना. सगळे अध्यक्षाकडे बघायला लागले. तो मान खाली घालून बसला होता. अनुमोदनच नाही, म्हटल्यावर पडला तो ठराव. मतदानच झालं नाही."

वडिलांनी मशीन थांबवलं होतं. ते माझ्याकडे बघत होते.

"आणि कलम?" मी विचारलं.

"तुझंच घेतलं. तुझ्या काकांनी वाचून बघितलं, म्हणाले शुद्धलेखन चांगलं आहे. फक्त एक बदल झाला त्यात. माहीत असून मंडळापासून लपवलं, गप्प राहिलं, तर तेही धरायचं. इथून पुढे."

मला वाईट वाटलं. चार वेळा लिहून मी जे बाहेर ठेवलं होतं तेच आत आलं होतं. "ताईंनी घातलं असणार," मी म्हणालो.

आवाज जाऊन परत यायला वेळ लागला.

"नाही रे," काकू म्हणाल्या. "ह्यांनीच मांडलं. उभे राहिले आणि म्हणाले, मला माहीत होतं, मी सांगितलं नाही, असं पुन्हा कोणी करू नये. आणि अनुमोदन त्या अध्यक्षाने दिलं. रविवारी येतोय तो घरी, पातेली कुठे आहेत ते विचारायला."